बूम खाली धरणारा दोर

परभणीकडच्या माणसाला गाडी उलाळणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. माल मागच्या अंगाला जास्त भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याशी दोरी आवळते आणि ओझं तेवढंच असूनही गाडी चालेनाशी होते. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. मोठं पाणी पाहायचं तर येलदरी धरणावर जावं. पण शिडाच्या होडीतला बूम वँग मला पहिल्यांदा उमगला तो या उलाळणाऱ्या गाडीमुळेच.

बूम म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेला असणारं आडवं लाकूड. होडी वाऱ्याच्या तोंडाकडे चढत असते तेव्हा शीट, म्हणजे शीड आवळण्याचा दोर, बूमला आतही ओढतो आणि खालीही. वारा मागून घेतला, शीट सैल सोडून बूम बाहेर जाऊ दिली, की तोच दोर तिला नुसता आत धरतो. खाली ओढणारं कुणी उरत नाही. बूम वर उचलली जाते, शिडाची मागची कड सुटते आणि शिडाचा वरचा भाग पिळवटून पुढे वळतो. खालचं शीड होडी ओढत असतं, वरचं वारा सांडत असतं. त्यातून होडी डावी-उजवीकडे डुलायला लागते. वँग हा डोलकाठीच्या पायथ्यापासून बूमपर्यंत तिरका जाणारा कप्प्यांचा दोर. त्याचं काम एकच, बूमला उलाळू न देणं.

हे पाहावं ते मुंबई बंदरात. रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासूनचा. त्याच्या सीबर्ड जातीच्या लाकडी होड्या गेटवेसमोर दिसतात. या घराण्याचा मूळ आराखडा 1898 सालचा, इंग्लंडातल्या साउथपोर्टचा, जेमतेम वीस फुटी होडीचा. पावसाळा सरला की दुपारी समुद्राकडून वायव्येचा वारा लागतो. गेटवेहून मांडव्याच्या दिशेने निघालं की तो पाठीवर येतो, आणि त्यातच मांडव्याच्या लाँचच्या लाटा आडव्या येऊन आदळतात. वारा मंद असेल तर प्रत्येक लाटेला वँग नसलेली बूम उडते आणि शिडात जमलेला वारा झटकून टाकते. वँग असला की तीच होडी तीच लाट घेते, पण शिडाचं पोट हलत नाही. मला हे दृश्य अतिशय सुंदर वाटतं. शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांतली सगळ्यात वरची पट्टी बूमला जवळपास समांतर राहते, मागच्या कडेची रिबन सरळ मागे फडफडते, आणि एवढं मोठं कापड एका बोटभर जाडीच्या दोराचं ऐकतं.

मग जुन्या होडीवर तो नसेल तर लगेच बसवावा का? इथे मी घाई करणार नाही. आधीच्या कारागिरांना कळत नव्हतं असं मानून चालणं मला पटत नाही. जुन्या होडीची लाकडी बूम जड असते आणि ती स्वतःच्या वजनानेच बरीचशी खाली राहते. शीटचा गाडा होडीच्या रुंदीभर सरकत असेल तर बूम बरीच बाहेर जाईपर्यंत शीट तिला खालीही धरून ठेवतो. शिडाच्या माथ्यावर गॅफ, म्हणजे वरची तिरकी दांडी, असेल तर शीड पिळवटतं ते मुख्यतः गॅफ कलल्यामुळे. तिथे वँगचा उपयोग थोडा. आणि शीडच ताणून ताणून पिशवी झालेलं असेल तर आधी शीड बदला.

वँगची किंमत कुठे मोजावी लागते तेही पाहिलं पाहिजे. समजा बूम 4 मीटरची आहे आणि तिच्या टोकाला 20 किलोचा उठाव आहे. वँग डोलकाठीपासून 1 मीटरवर, 45 अंशांत बांधला, तर तिथे खाली 80 किलोची ओढ लागते आणि प्रत्यक्ष दोरात सुमारे 113 किलोचा ताण येतो. चौपदरी कप्पी लावली तर हाताला तो 28 किलोच्या आसपास जाणवतो, घर्षणाचा थोडा वेगळा. पण उरलेले आडवे 80 किलो बूमला डोलकाठीवर रेटतात, आणि ते सगळे गूसनेक नावाच्या एका बिजागरीवर येतात. वँग नसलेल्या होडीत ही बिजागरी एवढा रेटा सोसायला घडवलेली असेलच असं नाही. म्हणून पहिली तपासणी तिथली. खिळीभोवतीचं भोक लांबट झालंय का, स्क्रूच्या डोक्याखालून गंजाचा ओघळ आलाय का, लाकूड नखाने दबतंय का, हे पाहावं. यातलं एकही आढळलं तर वँगचा विचार बिजागरी दुरुस्त होईपर्यंत थांबवावा.

ती धड असेल तर माझं मत बसवावा असंच आहे, पण दोराचाच. जुन्या लाकडावर स्प्रिंगचा किंवा हायड्रॉलिक दांडा मला परका वाटतो, शिवाय त्याच्या पायाला अवजड धातूकाम लागतं. बूमला भोक पाडू नये. भोकातून पाणी शिरतं, लाकूड आतून कुजतं, आणि नेमक्या जास्तीत जास्त वाकणाऱ्या जागी बूम कमजोर होते. चामड्याची गादी ठेवून भोवती रुंद पट्टा घ्यावा आणि तो पुढे सरकू नये म्हणून लाकडाचे छोटे ठोकळे चिकटवावेत. खालचं टोक डोलकाठीच्या पायाशी मजबूत कडीत जावं, नुसत्या डेकच्या फळीत नव्हे. होडी शर्यतीत उतरणारी असेल तर आधी तिच्या वर्गाचे नियम वाचावेत. एकसारख्या होड्यांच्या शर्यतीत एकट्याने फरक करणं न्याय्य नाही.

दोर अडकवायचा क्लीट सुकाणू धरणाऱ्याला बसल्या जागेवरून सोडता आला पाहिजे. जोराचा झोत येऊन होडी कलंडली, बूमचं टोक पाण्यात गेलं आणि वँग आवळलेलाच राहिला, तर बूमला वर उचलून सुटायला वाव राहत नाही आणि ती पट्ट्यापाशीच मोडते. म्हणून मागून वारा घेऊन जाताना झोत येतोय असं पाण्यावर दिसलं की आधी वँग सोडायचा, मग शीट.