न्यू इंग्लिश स्कूल : त्यागाच्या परिभाषेचा विचार

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा उल्लेख राष्ट्रीय शिक्षणाच्या इतिहासातील पहिले पर्व म्हणून नेहमी होतो. हे मत निराधार नाही. परंतु येथे ‘राष्ट्रीय’ या विशेषणाचा नेमका अर्थ कोणता, हे तपासावयाचे बहुधा राहून जाते.

सरकारी नोकरी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर, तसेच टिळक व नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये ही शाळा काढली. आगरकर १८८१ मध्ये त्यांना येऊन मिळाले. ‘निबंधमाले’च्या कर्त्याने आपल्या शाळेस इंग्रजी नाव द्यावे, यात वरवर विसंगती दिसते. तथापि इंग्रजी विद्येस दिलेली वाघिणीच्या दुधाची जी उपमा चिपळूणकरांच्या नावे रूढ आहे, तिच्यातच या विसंगतीचा उलगडा आहे : भाषा परकी, पण तिचे सामर्थ्य आत्मसात करावयाचे. अभ्यासक्रमही मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेस अनुसरूनच होता. तात्पर्य, काय शिकवावे या बाबतीत ही शाळा सरकारी शाळांहून मूलतः निराळी नव्हती. कोणी आणि कोणत्या वृत्तीने शिकवावे, यात तिचे निराळेपण होते.

शिक्षण सुलभ व स्वस्त करणे हा १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा घोषित हेतू होता. शिक्षण स्वस्त व्हावयाचे, तर त्याचा भार कोणी तरी उचलला पाहिजे. तो अल्प वेतन पत्करून आजीव सभासदांनी उचलला. म्हणजे ‘स्वार्थत्याग’ हे एकाच वेळी नैतिक मूल्यही होते आणि संस्थेच्या अर्थव्यवस्थेचा आधारही. एका शब्दाने ही दोन कार्ये करावीत, यातच पुढील संघर्षाचे बीज होते. त्याग पूर्ण असावा, सभासदाने बाहेरील प्राप्ती घेऊ नये, असा टिळकांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो मान्य झाला नाही आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. हा वाद केवळ स्वभावभेदाचा मानणे अपुरे आहे. मूल्याची मर्यादा कोणी ठरवावी, हा त्यातील खरा प्रश्न होता.

या ध्येयवादाचे थोरपण आणि त्याचे वैगुण्य एकाच ठिकाणी आहे. त्याचे अधिष्ठान अभ्यासक्रमात नसून शिक्षकांच्या स्वेच्छेत होते; म्हणून तो संस्थापकांच्या पिढीत तेजस्वी ठरला, परंतु नियमाच्या रूपाने पुढे देता येण्याजोगा नव्हता. स्वेच्छा वगळून केवळ शब्द उरला, म्हणजे त्याचा अर्थ उलटतो. २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या योजनेत नवनियुक्त शिक्षकास ‘शिक्षणसेवक’ आणि त्याच्या ठरावीक अल्प वेतनास ‘मानधन’ म्हटले गेले. शब्दसंपदा त्यागाचीच आहे. निवड मात्र त्या शिक्षकाची नाही. १८८० च्या शाळेचा वारसा सांगताना हा भेद विसरता कामा नये. त्याग हा स्वीकारणाऱ्याने उच्चारावयाचा शब्द आहे. वेतन देणाऱ्याच्या तोंडी तो काटकसरीचे दुसरे नाव होतो.