किमान दोन, कमाल पाच

मराठीत समीक्षा कशाकशाची होत नाही? नवकवितेची होते, नाटकाची होते, लग्नाच्या जेवणाची तर पंगत उठायच्या आत होते. पण ज्या साहित्यप्रकाराने माझी उमेदीची एकोणतीस वर्षे खाल्ली, त्या गोदामातल्या बिनकार्डाकडे एकाही समीक्षकाची नजर वळली नाही. बिनकार्ड म्हणजे कार्ड नसलेले असे कृपया समजू नका. माल ठेवायच्या खणाला इंग्रजीत ‘बिन’ म्हणतात, आणि त्या खणाला सुतळीने टांगलेले ते बिनकार्ड. आले किती, गेले किती, उरले किती, एवढेच त्यावर लिहायचे. माथ्यावर दोन आकडे असतात : किमान आणि कमाल. शिल्लक किमानाला टेकली की कमालापर्यंत माल मागवायचा. सगळे कथानक या दोन आकड्यांत असते. खालच्या नोंदी म्हणजे नुसता विस्तार.

हा विषय आज निघायचे कारण माझा भाचा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे ठिबकच्या सुट्या भागांचे गोदाम आहे. “मामा, आता कार्डबिर्ड काही नाही. सगळं कॉम्प्युटर ठरवतो,” असे म्हणून त्याने पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर कुठल्याशा सांध्यापुढे आकडे होते : किमान दोन, कमाल पाच. माझ्या अंगावर काटा आला. चष्मा बदलला तरी माणूस ओळखू येतो, तसे ते आकडे मी ओळखले.

समीक्षकाने आधी गुण सांगावेत, असा दंडक आहे. किमान आकडा काढायची रीत सोपी आहे, सुबक आहे. रोजचा सरासरी खप घ्यायचा, माल यायला जितके दिवस लागतात तितक्यांनी गुणायचे आणि वर थोडा राखीव साठा टाकायचा. राखीव साठा म्हणजे भीतीला दिलेले सभ्य नाव. ही रीत येण्यापूर्वी आमच्याकडे नाना होते. नाना खणाकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, “आठ मागवा.” आठच का? “लागतील.” आणि लागायचे! पण नाना चारधामला गेले तेव्हा आमची फेरमागणीची अख्खी पद्धत त्यांच्याबरोबर बद्रिकेदारला जाऊन आली. तो सव्वा महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. तेव्हा आकडा कागदावर असावा, याबद्दल माझे दुमत नाही.

केव्हा मागवायचे हा एक प्रश्न. एका वेळी किती मागवायचे हा दुसरा. दुसऱ्याचे वर्गमुळाचे सूत्र फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसाने १९१३ साली एका कारखानदारीच्या मासिकात छापले. गंमत म्हणजे नाव झाले पुढे १९३४ साली लिहिणाऱ्या विल्सनचे. हॅरिसच्या मूळ लेखाचा पत्ता अभ्यासकच कित्येक वर्षे चुकीचा देत राहिले, आणि तो नीट सापडायला १९८८ उजाडले. माल कधी संपू नये म्हणून धडपडणाऱ्या या शास्त्राचा आद्य ग्रंथच असा पंचाहत्तर वर्षे ‘शिल्लक नाही’ सदरात होता.

आता दोष. मुख्य दोष ‘सरासरी’ या शब्दात आहे. जळगावच्या वर्षाचे सरासरी तापमान काढून दाखवले, तर कुणीही शहाणा माणूस इथे बदली मागून घेईल. मे महिन्यात तोच माणूस ओला पंचा डोक्यावर घेऊन ते गणित करणाऱ्याला शोधत फिरेल.

आमच्या घरात हे कळायला सूत्र लागले नाही. गॅसच्या दोन सिलिंडरांपैकी एक संपले की दुसरे लावायचे आणि त्याच दिवशी नंबर लावायचा; या पद्धतीला परदेशात मोठे नाव आहे असे मी बायकोला सांगितले, तेव्हा तिने “बरं” एवढेच म्हटले. साखरेचा डबा मात्र ती तशी चालवत नाही. एरवी डबा हलवून आवाजावर ठरवते. पण आखाजी जवळ आली की भरलेल्या डब्यावर आणखी पाच किलो. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात, आमरस होतो, आणि साखरेची सरासरी काढायला कुणी जागेवर राहत नाही.

आमची कंपनी पंप आणि पंपांचे सुटे भाग विकायची. मुख्य कचेरी मुंबईला, गोदामे जळगावला आणि धुळ्याला. तीन इंची पंपाच्या इंपेलरचे, म्हणजे पाणी फेकणाऱ्या आतल्या पंख्याचे, कार्ड मुंबईहून भरून आले. वर्षाचा खप चोवीस, म्हणजे महिन्याला दोन. माल कोइमतूरहून पंधरा दिवसांत येणार, म्हणजे एक. राखीव एक. किमान दोन, कमाल पाच. गणितात चूक काढून दाखवा!

चूक गणितात नव्हतीच. त्या चोवीसांपैकी अठरा मार्च ते मे या तीन महिन्यांत जायचे. विहिरी तळाला जातात, पंप पाण्याबरोबर वाळू ओढतात, आणि पंखे झिजतात. म्हणजे उन्हाळ्यात महिन्याला सहा. शिवाय उन्हाळा काही एकट्या खानदेशात येत नाही. साऱ्या देशातल्या विहिरी एकदम आटतात, साऱ्या देशाच्या मागण्या कोइमतूरला एकदम पोचतात, आणि पंधरा दिवसांचा महिना होतो. मागणी तिप्पट आणि वाट दुप्पट. कार्ड मात्र ‘दोन’ या आकड्यावर योगमुद्रेत बसलेले.

मे १९८६ मध्ये व्हायचे ते झाले. शिल्लक दोनवर आली, मी मागणी धाडली, ते दोन दहा दिवसांत गेले, आणि पुढचे वीस दिवस खण मोकळा. त्या वीस दिवसांत यावल तालुक्यातले एक आप्पा आले. झिजलेला पंखा धोतराच्या जुन्या तुकड्यात बांधून आणला होता. केळीला एरवीही पाणी भरपूर लागते. पंचेचाळीस अंशांत आणि त्या भाजणाऱ्या वाऱ्यात तिला दोन दिवसही थांब म्हणता येत नाही. पाने करपतात, निसवायला आलेला घड लहान राहतो, आणि वर्ष-दीड वर्षाचे पीक डोळ्यांदेखत जाते. मी म्हणालो, “परवा या.” ते परवा आले. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या खेपेला ते काही बोलले नाहीत; गोदामाच्या पायरीवर बसून राहिले. रागावलेले गिऱ्हाईक परवडते.

मी धुळ्याला फोन लावला. धुळ्याच्या कार्डावरही मुंबईने तेच लिहिले होते, किमान दोन, कमाल पाच. दोन गोदामे म्हणजे जुळी भावंडे असा त्यांचा समज असावा. वास्तविक तिकडे केळी कमी, आणि हा पंखा सहसा कुणी विचारत नसे. दोन्ही नग खणात धूळ खात होते.

“एक पाठव,” मी म्हणालो.

“कसा पाठवू? माझं किमान दोन आहे. एक दिला की मी किमानाखाली जातो. मुंबईचं पत्र येईल.”

“अरे, इकडे केळी जळतेय!”

“कार्डावर केळीचा रकाना नाही रे,” तो कळवळून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. तासाभराने त्याचाच फोन आला. ‘नमुन्यासाठी दिला’ अशी नोंद करून त्याने एक पंखा जळगावच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला होता. पारोळा, एरंडोल करीत गाडी संध्याकाळी आली. आप्पा स्टँडवर माझ्या आधी हजर.

पैसे मोजता मोजता त्यांनी विचारले, “भाऊ, हे दोन कोणी ठरवलं?”

“मुंबईनं.”

“तिथं केळी आहे?”

“आहे. डझनानं मिळते.”

ते हसले नाहीत. दोन एकरांतली निम्मी बाग गेली होती, हे मला नंतर दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडून कळले.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, यंत्रात दर महिन्याची पातळी निराळी भरायची सोय आहे. दाखव म्हटले. बारा रकाने होते, बाराही कोरे. “कोण भरणार, मामा? आपोआप सरासरी येते ना.” त्या रविवारी आम्ही दोघांनी बसून ते भरले. दुपारी त्याच्या बायकोने शेवभाजी केली होती. तिखटाची पातळी कमालाच्या वर होती.

१९८७ च्या फेब्रुवारीत मात्र मी यंत्राविना हेच केले होते. कार्डावरचा दोन खोडून पेन्सिलीने आठ लिहिला : महिनाभराचे सहा, भीतीचे दोन. जूननंतर एक. उन्हाळा निभावला. मार्चअखेरीला तपासनीस आले, खण मोजला, कपाळाला आठ्या घातल्या आणि लाल शाईने शेरा मारला : ‘मंजूर पातळीपेक्षा जादा साठा. कारण द्यावे.’

कारणाचा रकाना इंचभर होता. मी लिहिले : ‘केळी.’

पुढच्या वर्षी त्याखाली मुंबईचा शेरा आला : ‘केळी हा माल आपल्या यादीत नाही. तो गोदामात ठेवू नये.’