पाहणारे मूल आणि लिहिणारे मूल : प्राथमिक वर्गातील डिजिटल साधनांची चिकित्सा

प्रस्तावना :

२२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये डिजिटल साधनांचा प्रसार वेगाने झाला. अनेक गावांनी लोकवर्गणी काढली. शिक्षकांनी प्रसंगी पदरमोड केली. प्रोजेक्टर, एलईडी संच, टॅब्लेट वर्गात आले. या चळवळीमागील लोकसहभाग आणि शिक्षकांची तळमळ निर्विवाद आहे. तथापि ‘शाळा डिजिटल झाली’ या विधानातून वर्गात कोणती वस्तू आली एवढेच कळते; त्या वस्तूच्या साहाय्याने मुलाने काय केले, हे कळत नाही. प्रस्तुत लेखात याच दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. प्राथमिक वर्गातील डिजिटल साधनाने मुलाला बहुतांशी प्रेक्षक केले, लेखक केले नाही आणि हे साधन ज्ञानरचनावादाच्या नावाने आले असल्याने ही उणीव अधिक गंभीर ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

दोन प्रारूपे :

२०१५ च्या सुमारास महाराष्ट्रातील शिक्षकांपुढे दोन आदर्श एकाच वेळी ठेवले गेले. पहिला सातारा तालुक्यातील कुमठे बीटचा. तेथे खडे, काड्या, मणी, शब्दपट्ट्या आणि फरशीवर आखलेले तक्ते यांच्या आधारे मुले स्वतः हाताळत, मोजत, जुळवत शिकत होती. दुसरा शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील शाळेचा. तेथे टॅब्लेट आणि डिजिटल फळ्याच्या आधारे अध्यापन होत होते. दोन्ही शाळाभेटींसाठी शिक्षकांची रीघ लागली.

या दोन प्रारूपांत मूलतः विरोध नाही. मात्र त्यांचा प्रसार होताना एक फरक दृष्टिआड झाला. काड्यांचा गठ्ठा मुलाच्या हातात दिल्याशिवाय त्याचा उपयोगच होत नाही. प्रोजेक्टर मात्र मुलाने काहीही न करता चालतो. म्हणून कुमठ्याचे अनुकरण करणाऱ्या वर्गात शिक्षकाला आपली अध्यापनपद्धती बदलावी लागली, तर पडदा लावणाऱ्या वर्गात जुनीच पद्धती नव्या वस्तूसह चालू राहू शकली. पूर्वी शिक्षक बोलत आणि मुले ऐकत. आता चित्रफीत बोलते आणि मुले पाहतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाला ज्ञानाचा निर्माता मानले होते. त्या भूमिकेशी हा व्यवहार सुसंगत नाही.

क्यूआर कोडची दिशा :

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. या कार्याची दखल घेऊन त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार देण्यात आला. पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाशी जोडले गेले. छापील पानापलीकडचा आशय खेड्यातील मुलापर्यंत पोहोचविण्याची ही सोय निश्चितच मोलाची आहे.

परंतु या सोयीची दिशा पाहिली पाहिजे. कोडमधून आशय मुलाकडे येतो. मुलाकडून काही परत जाण्याची वाट त्यात नाही. ओढ्याचा पाठ वाचताना मूल ओढ्याची चित्रफीत पाहू शकते, पण आपल्या गावच्या ओढ्याविषयी चार ओळी लिहून त्या त्याच पाठाला जोडू शकत नाही. प्राथमिक स्तरावर भाषाशिक्षणाचा कणा ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चार कौशल्यांचा असतो. उपलब्ध डिजिटल आशय यांपैकी पहिल्याला भरपूर, तिसऱ्याला काही आणि दुसऱ्या व चौथ्याला अत्यल्प वाव देतो.

खैराट आणि पेरू :

साधन दिले की शिक्षण आपोआप घडेल, ही श्रद्धा नवी नाही. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातील खैराट येथील लहानशा शाळेत झाला. या योजनेमागे सेमूर पॅपर्ट यांचा विचार होता. यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावे, असे त्यांचे सूत्र सांगता येईल. या विचारानुसार त्या संगणकात लेखन, चित्रकला आणि आज्ञावली रचण्याची साधने होती.

याच योजनेचे मोठे मूल्यमापन पेरू या देशात झाले. ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. योजनेतील शाळांत दर मुलामागे संगणकांचे प्रमाण १.१८ झाले, तर इतर शाळांत ते ०.१२ होते. असे असूनही गणित आणि भाषा या विषयांतील संपादणुकीवर योजनेचा परिणाम आढळला नाही. सामान्य आकलनक्षमतेत काही वाढ दिसली, ही बाबही नोंदवली पाहिजे. या अनुभवाचा बोध असा की, लेखनाचे साधन पेटीत असणे आणि वर्गात लेखन घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट शिक्षकाच्या हेतूवर आणि त्याला मिळणाऱ्या वेळेवर अवलंबून असते.

शिक्षकांचे ब्लॉग आणि शिक्षकांचा वेळ :

याच काळात प्राथमिक शिक्षकांनी ब्लॉग या माध्यमाचा उत्साहाने स्वीकार केला. शासन निर्णय, प्रश्नपत्रिका, कविता, स्वाध्याय, सॉफ्टवेअरची माहिती यांनी हे ब्लॉग भरले. आडवळणाच्या शाळेतील शिक्षक प्रथमच राज्यभरातील सहकाऱ्यांसाठी लिहू लागला, हे या माध्यमाचे मोठे श्रेय होय. परंतु ज्या माध्यमाने शिक्षकाला लेखक केले, तेच माध्यम मुलाला लेखक करण्यासाठी फारसे वापरले गेले नाही. मुले त्यात आली ती प्रामुख्याने छायाचित्रांतून.

याला केवळ शिक्षक जबाबदार नाहीत. २०१५ मध्ये ‘सरल’ ही ऑनलाइन माहितीप्रणाली सुरू झाली. त्यानंतर विविध पोर्टलवर माहिती भरणे, छायाचित्रे चढविणे, अहवाल पाठविणे यांत शिक्षकाचा बराच वेळ जाऊ लागला. शाळेतील संगणकाचा नित्याचा उपयोग वरच्या कार्यालयाला माहिती पुरविण्यासाठी होत असेल, तर मुलाच्या लेखनाची पाळी येणार केव्हा?

फ्रेने यांचा छापखाना आणि आपले हस्तलिखित :

मुलाच्या लेखनाला खरा वाचक मिळवून देण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. फ्रान्समधील प्राथमिक शिक्षक सेलेस्ताँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात बार-सूर-लू या खेड्यातील आपल्या वर्गात लहानसा छापखाना आणला. मुले गावातील अनुभव सांगत, लिहीत, वर्गात त्यावर चर्चा होई आणि निवडलेला मजकूर मुलेच खिळे जुळवून छापत. हे छापील कागद दूरच्या ब्रिटनी प्रांतातील एका शाळेकडे जात आणि तिकडील मुलांचे कागद इकडे येत. वाचणारा परका असल्यामुळे लिहिणाऱ्याला स्पष्ट लिहावे लागे. शुद्धलेखनाची गरज शिक्षकाच्या धाकातून न येता वाचकाच्या आदरातून येई.

मराठी शाळांतही या विचाराला जवळची अशी हस्तलिखित आणि भित्तिपत्रक यांची परंपरा आहे. साने गुरुजींनी अमळनेर येथे शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. ते मुख्यत्वे शिक्षकाने मुलांसाठी लिहिलेले होते. मुलांनी मुलांसाठी लिहिणे ही त्याच्या पुढची पायरी होय. वर्गाचा ब्लॉग म्हणजे पडद्यावरचे भित्तिपत्रकच. फरक इतकाच की, त्याचा वाचक दुसऱ्या जिल्ह्यातील वर्ग असू शकतो. कोकणातील मुलांनी भातलावणीविषयी लिहावे आणि विदर्भातील मुलांनी कापूसवेचणीविषयी विचारावे, यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. शिक्षकाच्या खिशातील एक फोनही पुरेसा आहे.

आक्षेप आणि मर्यादा :

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला, मुलांना वाचताच येत नसताना लेखनाचा आग्रह कशाला? ‘असर’ या सर्वेक्षणानुसार देशातील ग्रामीण भागातील सरकारी शाळांत इयत्ता तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होते. हे आकडे निःसंशय चिंताजनक आहेत. परंतु आपण स्वतः सांगितलेले वाक्य कागदावर उतरलेले पाहणे, हा वाचनाचा उत्तम आरंभ असतो. गोंडी, भिली किंवा वारली बोलणाऱ्या मुलांबाबत तर हे विशेषच खरे आहे. अशा मुलाची गोष्ट त्याच्या बोलीत ध्वनिमुद्रित करून ती वर्गात लिहून काढणे, हा फोनचा चित्रफितीपेक्षा अधिक सकस उपयोग होय.

दुसरा आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा आहे आणि तो रास्त आहे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. म्हणून मुलांचे लेखन जगासमोर न ठेवता दोन वर्गांपुरते मर्यादित ठेवणे आणि पूर्ण नाव व छायाचित्र टाळणे हेच श्रेयस्कर.

तिसरा आक्षेप असा की, हे सर्व वही आणि टपाल यांनीही साधेल. हा आक्षेप मान्यच करावा लागतो. जे काम वहीने होते ते वहीनेच करावे; साधन केवळ अंतर कमी करण्यापुरते असावे.

समारोप :

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने शिक्षणातील तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरले जाते, हा प्रश्न मध्यवर्ती मानला. प्राथमिक वर्गात या प्रश्नाचे उत्तर एकच असू शकते : मुलाच्या. शाळाभेटीस येणाऱ्या अधिकाऱ्याने, अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापकाने आणि मूल्यमापनाचे निकष ठरविणाऱ्यांनी संच किती आहेत हे विचारण्याआधी या महिन्यात मुलांनी काय लिहिले आणि ते कोणी वाचले, हे विचारावे. प्रोजेक्टरचा दिवा काही वर्षांनी जातो आणि वीजबिल थकले की पडदाही काळा होतो. मुलाला लागलेली लिहिण्याची सवय मात्र त्यानंतरही टिकून राहते.