बंडखोर, दरोडेखोर, क्रांतिकारक : एका शब्दव्यवहाराची चिकित्सा

शासनसत्तेविरुद्ध शस्त्र धारण करणाऱ्या संघटनांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात घटनांची चर्चा विपुल आहे. परंतु त्या घटनांना आपण जी नावे देतो, त्यांची चिकित्सा क्वचितच आढळते. वास्तविक, पुष्कळदा निर्णय पुराव्याने न होता नावानेच होऊन जातो. हे दाखविण्यासाठी पनवेलच्या परिसरातीलच उदाहरण घेऊ.

वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळील शिरढोण येथे झाला. पुण्यास लष्करी हिशेबखात्यात नोकरी करीत असता १८७६-७८ च्या दुष्काळातील प्रजेची दैना त्यांनी पाहिली, आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी साथीदारांसह शस्त्र उचलले. आरंभ शिरूरकडील धामारीच्या लुटीने झाला. मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या तुकडीने कोकणात उतरून पळस्पे व चिखली ही गावे लुटली. घाटावर परतताना नाईक मारले गेले. जुलैत फडके पकडले गेले. जन्मठेपेची शिक्षा भोगीत असता १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथे त्यांचा अंत झाला.

या एकाच मनुष्यास तत्कालीन सरकारने दरोडेखोर व बंडखोर म्हटले. पुढील पिढ्यांनी 'आद्य क्रांतिकारक' म्हटले. १८३२ मध्ये फाशी गेलेल्या उमाजी नाईकांच्या वाट्यासही हीच दोन टोके आली. येथे प्रत्ययांचे कार्य लक्षात घेण्यासारखे आहे. 'खोर' हा फार्सी अंश, मूळ अर्थ 'खाणारा'. भांडखोर, लाचखोर, चहाडखोर या शब्दांच्या पंक्तीस बसविल्याबरोबर 'बंड' ही राजकीय कृती न राहता व्यसन बनते. उलट 'कारक' हा संस्कृत अंश कर्त्यास प्रतिष्ठा देतो. खोरवरून कारकवर येण्यास नवा पुरावा लागला नाही; राज्य बदलणे पुरेसे झाले.

यावर कोणी म्हणेल की, परकीयांचे नाव टाकून आपण आपले नाव दिले, यात वावगे काय? उत्तर पळस्प्यात आहे. ज्यांची घरे तेथे लुटली गेली, ते एतद्देशीयच होते. फडक्यांचा हेतू उदात्त होता, हे त्यांच्या जाहीरनाम्यावरून स्पष्टच आहे. तथापि साथीदारांचे चित्त लुटीकडे अधिक होते, याची खंत स्वतः त्यांनीच लिहून ठेवली आहे. द्रव्यावाचून फौज नाही आणि लुटीवाचून द्रव्य नाही, अशा फेऱ्यात सापडलेली संघटना हळूहळू साधनाच्याच स्वाधीन होते. हे सत्य 'दरोडेखोर' शब्द वाढवून सांगतो, आणि 'क्रांतिकारक' शब्द झाकून टाकतो. माझ्या मते 'बंडखोर' हे नाव सत्तेशी असलेला संबंध सांगते, 'दरोडेखोर' कृती सांगते, 'क्रांतिकारक' हेतू सांगते. तिन्ही प्रश्न वेगळे आहेत. एकाच्या उत्तराने दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात सरकारविरोधी सशस्त्र गटांनी 'मिलिशिया' हे नाव धारण केले, तेही तेथील राज्यघटनेतील प्रतिष्ठित शब्द उसना घेऊन. आपल्याकडे गडचिरोलीच्या अरण्यात १९८० च्या सुमारास नक्षलवादी शिरले, ते 'दलम' आणि 'संघम' हे तेलुगूमार्गे आलेले शब्द घेऊन. तेंदूपानाची मजुरी, वनखात्याच्या शिपायांचा जाच, ही आदिवासींची गाऱ्हाणी खरी होती. परंतु त्याच दलमांनी 'खबरी' हा एक शब्द उच्चारून कित्येक आदिवासींचे प्राण घेतले. तेथे नाव हाच आरोप, नाव हाच निकाल.

शासनाच्या शब्दांसही हीच कसोटी लावली पाहिजे. १९०७ च्या सुरतेच्या फुटीनंतर टिळकपक्षास 'जहाल' म्हटले गेले. विषास लागणारे ते विशेषण आज गौरवाचे झाले आहे, आणि निंदेसाठी 'अतिरेकी' हा शब्द पुढे आला आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकात 'कडवी डावी विचारसरणी' हा प्रयोग आहे. 'कडवा' म्हणजे कटू. पण 'कडवा सैनिक' ही मराठीत स्तुती आहे. निंदा आणि स्तुती दोन्ही वाहणारे विशेषण कायद्यात आले, म्हणजे अर्थ ठरविण्याचे काम अंमलदाराकडे जाते. आणि विचार व कृती यांमधील सीमा पुसट होण्याचा धोका तेथेच असतो.

सशस्त्र संघटनांच्या अभ्यासकाने म्हणून प्रथम कृती नोंदवावी, नंतर हेतू तपासावा, आणि नाव सर्वांत शेवटी द्यावे. शिरढोणच्या स्मारकापुढे नतमस्तक होताना पळस्प्याची लूट विसरण्याचे कारण नाही. आणि ती लूट स्मरणात ठेवल्याने फडक्यांचा त्याग उणा होतो, असेही नाही.