झेडला कुणी विचारलं?

नारायण धारपांच्या समर्थांवर वाढलेल्या वाचकाला जॉन कॉन्स्टंटाइन पचायला जड जातो. समर्थ आले की आपण निर्धास्त होतो. कॉन्स्टंटाइन दारात दिसला की त्याच्या मित्रांनी मागच्या दारानं पळून जावं, हेच बरं.

'हेलब्लेझर' ही मालिका १९८८मध्ये सुरू झाली. पहिला लेखक जेमी डेलानो, चित्रं जॉन रिजवेची. 'ओरिजिनल सिन्स' या संकलनात तिचे पहिले नऊ अंक आहेत. भुतंखेतं भरपूर. मार्गारेट थॅचर तिसऱ्यांदा निवडून येतात त्या १९८७च्या रात्री लंडनच्या पैसेवाल्या तरुणांच्या आत्म्यांचा सौदा करणारे राक्षसही आहेत. (ही गोष्ट जरा जास्तच सरळसोट टोमणा आहे, पण मजा येते.)

खरा धागा मात्र एका पंथाचा. 'रिझरेक्शन क्रुसेड'ची माणसं काळे झगे घालून बळी देत नाहीत. ती प्रार्थना करतात, आणि प्रार्थनेला फळ येतं. भीती तिथेच आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका गावाची गोष्ट घ्या. व्हिएतनाममधून न परतलेली पोरं घरी यावीत म्हणून गाव प्रार्थना करतं. पोरं येतात. पण त्यांच्यासाठी युद्ध संपलेलंच नाही, त्यांना समोर दिसतं ते व्हिएतनाममधलं खेडं, आणि ती गोळ्या झाडू लागतात. कॉन्स्टंटाइन इथे काहीच करू शकत नाही, नुसता बघत राहतो. या संकलनातली ही सर्वांत चांगली कथा, असं माझं मत. रिजवेची बारीक, थकलेली रेषा इथे फार शोभते.

आता झेड. ती चित्रकार आहे, कॉन्स्टंटाइनच्या प्रेमात आहे, आणि पंथप्रमुखाची घरातून पळालेली मुलगी आहे. देवदूताकडून तिला गर्भ राहावा आणि नवा तारणहार जन्मावा, हा पंथाचा बेत. नेर्गल हा राक्षस मरणाच्या दारातल्या कॉन्स्टंटाइनला आपलं रक्त देतो. ते रक्त अंगात घेऊन तो झेडबरोबर झोपतो, ती 'बाटते' आणि स्वर्गाचा बेत फसतो.

लेखक याला विजय म्हणत नाही, हे मान्य. पण बघा: पंथाला तिचं शरीर हवं होतं, सैतानाला तेच हवं होतं, आणि आपल्या नायकानंही तेच हत्यार म्हणून वापरलं. पहिल्याच कथेत भुकेचा राक्षस कोंडायला त्यानं गॅरी लेस्टर या व्यसनी मित्राचा देह असाच वापरला होता. त्या पापाचा हिशोब मात्र डेलानो ठेवतो: गॅरी आणि इतर मेलेले मित्र भुतं होऊन कॉन्स्टंटाइनभोवती उभे राहतात. झेड जिवंत आहे, म्हणून तिला त्या घोळक्यात जागा नाही, आणि बोलायला पानंही नाहीत.

एरवी डेलानोला शब्दांची ददात नाही. मोबाइलवर वाचताना एकेका चौकटीतला मजकूर बोटांनी मोठा करकरून मी वैतागले होते. त्यातल्या चार ओळी तिला दिल्या असत्या तर?

पुढे 'द फिअर मशीन'मध्ये झेड परत येते. तो खंड मी केवळ तिच्यासाठी उघडला.