रूढी, नीती आणि सी. एस. लुइस

देशकालपरत्वे आचार बदलतात, हे विधान वर्णन म्हणून निर्विवाद आहे. परंतु कोणत्याही नीतितत्त्वाला त्या त्या समाजाच्या मान्यतेपलीकडे प्रामाण्य नाही, असा निष्कर्ष त्यातून काढला म्हणजे वर्णनाचे रूपांतर सिद्धांतात होते. या नैतिक सापेक्षतावादाचे धोके दाखविणाऱ्या ख्रिस्ती लेखकांत सी. एस. लुइस (१८९८–१९६३) यांचा उल्लेख अवश्य करावा लागतो. त्यांच्या ‘द अबॉलिशन ऑफ मॅन’ या छोटेखानी ग्रंथातील युक्तिवाद कोठवर टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९४३ च्या फेब्रुवारीत दिलेली तीन व्याख्याने या ग्रंथात आली आहेत. विवेचनाचा आरंभ इंग्रजीच्या एका शालेय पाठ्यपुस्तकापासून होतो. धबधब्याला ‘भव्य’ म्हणणारा मनुष्य वस्तुतः स्वतःच्या भावनेविषयीच बोलत असतो, असे त्या पुस्तकाच्या लेखकांचे मत. हाच नियम ‘न्याय्य’ व ‘अन्याय्य’ या शब्दांना लावला तर काय उरते, असा लुइस यांचा प्रश्न आहे. काही भावना वस्तूला साजेशा असतात व काही नसतात, ही धारणा नाना प्राचीन परंपरांत आढळते, असे ते दाखवितात. तिच्यासाठी ते ‘ताओ’ हा चिनी शब्द योजतात आणि वैदिक ‘ऋत’ या कल्पनेचाही निर्देश करतात. ख्रिस्ती असूनही येथे ते बायबलच्या प्रामाण्यावर विसंबत नाहीत. तरीही ही पद्धती ख्रिस्ती विचाराशी सुसंगतच आहे. कारण परराष्ट्रीयांच्या अंतःकरणावरही नियम लिहिलेला असतो, असे संत पौलाने रोमकरांस पत्रात (अध्याय २) प्रतिपादिले आहे.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य तिसऱ्या व्याख्यानात आहे. मनुष्याने निसर्गावर मिळविलेली सत्ता ही प्रत्यक्षात काही मनुष्यांनी निसर्गाला साधन करून इतरांवर मिळविलेली सत्ता असते, असे लुइस म्हणतात. पुढील पिढ्यांचे मन घडविण्याची शक्ती ज्यांच्या हाती येईल, त्यांनी सर्व मूल्ये मानवनिर्मित ठरविली असतील, तर त्यांना आवरणारे काय राहील? उरते ती केवळ त्यांची लहर. सापेक्षतावाद सहिष्णुतेचे आश्वासन देतो. परंतु सहिष्णुताही सापेक्षच ठरल्यावर बलवंताने ती का पाळावी, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

तथापि ग्रंथाच्या परिशिष्टाशी मराठी वाचक अडखळेल. ईजिप्त, बाबिलोन, चीन, ग्रीस, रोम यांच्याबरोबर हिंदू परंपरेतील वचनेही तेथे संकलित केली आहेत. मात्र ज्या परंपरांनी दयेचा उपदेश केला, त्यांनीच विषमतेलाही धर्माची मान्यता दिली, हे या संकलनातून दिसत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, ते या विषमतेच्या निषेधार्थच. ख्रिस्ती परंपराही या आक्षेपातून सुटत नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत बायबलच्या आधारे गुलामगिरीचे समर्थन करणारे धर्मोपदेशक होतेच.

यावरून सापेक्षतावादाचा पक्ष बळकट होतो काय? उलट तो अधिकच दुबळा ठरतो. अस्पृश्यता ही समाजमान्य रूढी होती. समाजमान्यता हाच अंतिम निकष मानला, तर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्राशन करणारे सत्याग्रही दोषी ठरतात. रूढीला अन्याय्य म्हणावयाचे, तर रूढीहून वरचा न्याय गृहीत धरावाच लागतो. सापेक्षतावादाचा पहिला बळी असा पीडितच असतो; त्याच्या तक्रारीला तो केवळ एक निराळी आवड मानतो.

परंपरेचा आतून होणारा विकास आणि तिच्यावर बाहेरून लादलेले नावीन्य यांतील भेद लुइस दुसऱ्या व्याख्यानात करतात. परंतु परंपरेतील ग्राह्याग्राह्य कसे निवडावे, याचे त्यांचे विवेचन अपुरे आहे. ती दिशा ख्रिस्ती विचारातच उपलब्ध होती. संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या तिसऱ्या भागात बदलता आचार आणि अविचल न्याय यांत भेद केला आहे. शिवाय पापाचा सिद्धांत असे बजावतो की कोणताही समाज, चर्चसुद्धा, स्वतःच्या सोयीला ईश्वरी नियम समजण्याची चूक करू शकतो. मानवाच्या पतनावर विश्वास असल्यामुळेच आपण लोकशाहीवादी आहोत, असे लुइस यांनी १९४३ मध्येच ‘इक्वालिटी’ या निबंधात लिहिले. हीच कसोटी परिशिष्टातील परंपरांना लावली असती, तर त्यांचा ग्रंथ अधिक पूर्ण झाला असता. न्याय निरपेक्ष आहे. त्याचे आपले आकलन मात्र सदैव तपासणीस पात्र आहे. सापेक्षतावादाच्या विरोधकाने या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत.