दवंडी

घोडीच्या सोनोग्राफीत चौदाव्या दिवशीचा गर्भ म्हणजे करड्या पडद्यावरचा एक काळा, वाटोळा ठिपका. आकार जेमतेम दीड सेंटिमीटर. चित्र म्हणून त्यात पाहण्यासारखं काही नाही. पण थोड्या वेळानं पुन्हा पाहावं, तर ठिपका जागेवर नसतो.

१९८३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ओ. जे. गिंथर यांनी ही भटकंती नोंदवली. साधारण दहाव्या दिवसापासून सोळाव्यापर्यंत हा गोळा गर्भाशयाच्या एका शिंगातून, म्हणजे फाट्यातून, दुसऱ्या शिंगात, पुन्हा मागे, दिवसातून कितीतरी खेपा घालतो. मला यात ‘मी आहे’ अशी दवंडी ऐकू येते.

दवंडी का पिटायची? गर्भ राहिला नाही असं समजून गर्भाशय याच सुमारास प्रोस्टाग्लँडिन सोडतं. ते अंडाशयातला पीतपिंड मोडतं, त्यातून येणारं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन आटतं, घोडी पुन्हा माजावर येते. गायीत हे रसायन शेजारच्या रक्तवाहिनीतून थेट त्याच बाजूच्या अंडाशयाकडे जातं. घोडीत मात्र ते सगळ्या अंगातून फिरून येतं. म्हणजे गर्भाशयाचा एखादा कोपरा बेखबर राहिला, तरी घात ठरलेला. गायीचा गर्भ दोऱ्यासारखा लांबत जाऊन गर्भाशयभर पसरतो आणि इंटरफेरॉन-टाऊ नावाचा निरोप पाझरतो. घोडीचा गर्भ चिवट कवचात बंद, गोल. त्याला लांबता येत नाही, मग तो हिंडतो. संशोधकांनी गर्भाशयाचा काही भाग बांधून त्याची वाट अडवली, तेव्हा गर्भ टिकले नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. गर्भाला पाय नाहीत. त्याला ढकलतात गर्भाशयाच्या भिंतीची आकुंचनं, आणि ती घडवून आणतो तो स्वतःच, प्रोस्टाग्लँडिन कुळातली रसायनं सोडून. ज्या कुळाचं भय, त्याच्याच खांद्यावर बसून गावभर फेरी! ही युक्ती त्याला आधीपासून ठाऊक असते. पाचव्या-सहाव्या दिवशी असंच एक प्रोस्टाग्लँडिन सोडून त्यानं बीजवाहिनीचं दार उघडलेलं असतं. न फळलेली बीजं बिचारी आतच राहून जातात. ही दवंडी नेमकी ज्या रेणूंतून पोचते, ते मात्र अजून कोणाच्या हाती लागलेले नाहीत.

सोळाव्या दिवशी शिंगाच्या बुडाशी फेरी थांबते. गोळा वाढलेला, भिंत ताठरलेली. पुढे सरकायला जागाच उरत नाही.

यानंतरचा अंक जास्त गाजलेला. १९३० साली कोल आणि हार्ट यांना गाभण घोडीच्या रक्तात जे संप्रेरक सापडलं, ते गर्भाच्याच पेशी सदतिसाव्या दिवसाच्या आसपास आईच्या अस्तरात शिरून, तिथे पेल्यांसारखे उंचवटे करून तयार करतात. त्यानं अंडाशयात नवे पीतपिंड उभे राहतात. काम मोठंच, पण फेरीतली नजाकत मला त्यात दिसत नाही. ही सरळसरळ घुसखोरी आहे, आणि आईच्या पांढऱ्या पेशीही तिला तसंच वागवतात: भोवती गोळा होतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेक पेले पाडून टाकतात. तोवर वारेनं प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचा भार उचललेला असतो.